‘त्यांना सवय असते’ हे जातीचं वाक्य आहे

१४ एप्रिलला आपण निळे झेंडे घेऊन रस्त्यावर असतो. त्याच सकाळी देशभरातल्या अग्निशमन केंद्रांत पुष्पचक्रं वाहिली जातात. हा दिवस अग्निशमन सेवा दिन आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच तरुणांना ठाऊक नसतं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. पाण्याचा मारा चालू असतानाच स्फोट झाले आणि ६६ अग्निशामक जवान गेले. त्या दिवशी बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षं पूर्ण झाली होती आणि ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते.

त्या ६६ जणांची आठवण देश ठेवतो, ते योग्यच आहे. आगीत शिरणाऱ्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याला वाचवायला जो पहिला धावतो, त्याला इंग्रजीत फर्स्ट रिस्पॉन्डर म्हणतात, सरकारी कागदावर ‘प्रथम प्रतिसादक’. या यादीत कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे कोण ठरवतं?

सेप्टिक टँकमधल्या मृत्यूची बातमी नीट वाचा. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार कामगार गेले. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात पाच गेले. मरणारे एकटे का नसतात, तिघे-चौघे का असतात, असा प्रश्न कधी पडलाय का? अशा घटनांत बहुतेक वेळा क्रम ठरलेला असतो. पहिला उतरतो आणि विषारी वायूने कोसळतो. वर उभा असलेला दुसरा त्याला हाक मारतो. उत्तर येत नाही, म्हणून तो उतरतो, आणि मग तिसरा. दुसरा आणि तिसरा काम करताना मेलेले नसतात. ते माणूस वाचवताना मेलेले असतात. ना दोर, ना मास्क, ना प्रशिक्षण, आणि खाली काय आहे हे पुरतं माहीत असताना ते उतरलेले असतात. पेपरात मात्र ओळ येते, ‘गुदमरून चार कामगारांचा मृत्यू’. त्यातला एकही ‘प्रतिसादक’ ठरत नाही. त्यांच्यासाठी पुष्पचक्र नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये कोझिकोडला नौशाद नावाच्या रिक्षाचालकाने गटारात अडकलेल्या दोन कामगारांसाठी आत उडी घेतली आणि तिघेही गेले. नौशाद यांना केरळ सरकारने मदत दिली, ती त्यांच्या कुटुंबाचा हक्कच होता. ‘मुसलमान म्हणून मदत मिळाली’ असं बोलणारेही तेव्हा निघाले, त्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही. पण त्या प्रसंगाबद्दल आज कुणालाही विचारा, एकच नाव ऐकू येतं. आंध्रातून पोटासाठी आलेल्या त्या दोन मजुरांची नावं कुणाला आठवत नाहीत.

गटारात उतरणं हे त्यांचं ‘कामच’, असं मानणारी नजर आजची नाही. महाराष्ट्राच्या गावगाड्यात प्रथम प्रतिसादक होता तो महार. गावात मयत झालं की खबर घेऊन परगावी धावायचं त्याने. सरणाची लाकडं वाहायची त्याने. जनावर मेलं की ओढून न्यायचं त्याने. शिवारात बेवारस प्रेत सापडलं की पंचनामा होईपर्यंत राखण करायची त्याने. रात्रभर, अंधारात, एकट्याने. त्या माणसाला त्या रात्री काय वाटलं असेल, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. प्रेताची नोंद आहे, राखणदाराची नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ही लाचारीची कामं टाकून द्यायला सांगितलं, १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. वतनं खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. वतन गेलं, पण ‘हे काम त्यांचंच’ ही समजूत गावाच्या वेशीवरून निघून शहराच्या टेंडरमध्ये येऊन बसली.

ही समजूत आज एका साध्या वाक्यात बोलली जाते: ‘त्यांना सवय असते.’

शवागारात काम करणाऱ्याबद्दल हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. शवविच्छेदनाच्या अहवालावर सही डॉक्टरची असते. पण ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत प्रत्यक्ष चिरफाड करणारा, कवटी उघडणारा आणि नंतर शिवणारा हात अनेकदा चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याचा असतो. तो कुठल्या वस्तीतून येतो, हे आम्ही सांगायची गरज नाही. आमच्या ओळखीतले एक काका हे काम आयुष्यभर करून निवृत्त झाले. लहान लेकराचं शव असलं की ते टाके अगदी बारीक घालायचे आणि केस विंचरून मगच बाहेर द्यायचे, कारण आई तोंड बघणार असते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नव्हतं आणि त्याचा एक पैसाही जास्त मिळत नव्हता. त्या दिवशी घरी आले की ते जेवायचे नाहीत. घरच्यांनी विचारायचं सोडून दिलं होतं. ज्याला ‘सवय’ झाली आहे, तो माणूस केस विंचरत बसेल का?

आणि दारू. या कामातला माणूस पितो, हे सगळं गाव चवीने सांगतं. ‘प्यायल्याशिवाय त्यांना जमतच नाही’ असं म्हणून हसतात. आम्ही दारूचं समर्थन करत नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे आणि दारूने आपल्या वस्त्यांची काय राखरांगोळी केली ते आपण घराघरांत पाहतो. पण हसणाऱ्याने त्या वाक्याचा अर्थ लावावा. ‘प्यायल्याशिवाय जमत नाही’ याचा अर्थ शुद्धीत असताना ते सहन होत नाही. म्हणजे सवय झालेली नाही. एकाच दमात दोन्ही म्हणता येणार नाही.

याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. आघातानंतरचा मानसिक ताण-विकार, पीटीएसडी. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या डीएसएम-५ या नियमावलीत हा विकार कशामुळे होऊ शकतो याची उदाहरणं दिली आहेत. त्यात मानवी अवशेष गोळा करणाऱ्या प्रथम प्रतिसादकांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आपल्या माणसाचं काम जगाच्या पुस्तकात नोंदलेलं आहे, फक्त तिथे त्याला प्रतिसादक म्हटलंय आणि इथे स्वीपर. मुंबईच्या लोकलच्या रुळांवर वर्षानुवर्षं दरसाल दोन हजारांहून अधिक माणसं मरत आली आहेत. त्या तुकड्यांखाली स्ट्रेचर सरकवणाऱ्या हमालाला पुढची लोकल येण्याआधी काम उरकायचं असतं. संध्याकाळी तो त्याच लोकलने घरी जातो.

याच विकाराचा इतिहास चळवळीच्या कार्यकर्त्याने आवर्जून वाचावा. १९८० पूर्वी नियमावलीत त्याला हे नावच नव्हतं. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक संघटित झाले, काही डॉक्टर त्यांच्या बाजूने उभे राहिले, रेटा लावला, तेव्हा ते नाव आलं. दुःखाला मान्यतासुद्धा लढून घ्यावी लागते. ज्यांच्यासाठी लढणारं कुणी नव्हतं, त्यांच्या दुःखाला स्वभाव म्हटलं गेलं, व्यसन म्हटलं गेलं, आणि आपल्याकडे तर जातच म्हटलं गेलं.

‘जातिप्रथेचं निर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी जातीच्या आर्थिक बाजूची चिरफाड केली, ती आपण श्रमिकांच्या विभागणीच्या मुद्द्यापुरतीच लक्षात ठेवतो. तिथेच त्यांनी मनाचाही मुद्दा मांडला आहे. जे काम माणसाने निवडलेलं नाही, जे जन्मामुळे गळ्यात पडलं आहे आणि ज्यामुळे लोक त्याला हलकं समजतात, त्या कामाबद्दल त्याच्या मनात तिटकारा उपजत राहतो आणि त्यात त्याचं मन लागू शकत नाही, असा तो युक्तिवाद आहे. अग्निशामक जवान आगीतून परतला तर लोक टाळ्या वाजवतात. तोही रात्री दचकून उठतो, पण त्याच्या घराच्या दारात आदर उभा असतो. शवागारातून परतणाऱ्याच्या हातचं पाणी पिताना शेजारी विचार करतो. आघात दोघांनाही होतो. एकाच्या जखमेवर फुंकर मिळते, दुसऱ्याच्या जखमेवर विटाळ. जात मनाला करते ती इजा ही अशी असते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर आदिवासींची वाडी, वर जायला रस्ता नाही, मोठी यंत्रं पोचणं अशक्य. पावसात, चिखलात, हातातल्या कुदळ-फावड्यांनी माणसं शोधली. एनडीआरएफचे जवान होते, तसे पायथ्याच्या वाड्यांतले लोक आणि आसपासचे गिर्यारोहकही होते. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला गेला. थांबवण्यामागे कारणं असतील. पण खाली ५७ जण आहेत हे माहीत असताना फावडं खाली ठेवून डोंगर उतरणं कसं असेल? जवानामागे निदान एक दल असतं, वरिष्ठ असतो, रजा असते. आपल्याच नात्यातल्यांना उकरून काढणारा पायथ्याचा पोरगा दुसऱ्या सोमवारी कामाच्या नाक्यावर उभा राहतो. तो कुठल्याच हजेरीपटावर नव्हता.

आता आपल्यातलेच काही मित्र म्हणतील, मानसिक आरोग्य हे पोट भरलेल्यांचं खूळ आहे, आधी कायम नोकरी द्या, किमान वेतन द्या. आम्ही म्हणतो, या दोन मागण्या वेगळ्या काढताच येत नाहीत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली. तिने असंख्य जीव वाचवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती चालते ती खाजगी कंत्राटावर. अपघातातलं मूल दवाखान्याच्या दारात हातातच गेलं, तर पायलटला (गाडीच्या चालकाला तिथे पायलट म्हणतात) गाडी धुऊन पुढच्या कॉलला निघावं लागतं. रजा घेतली तर पगार कापला जाण्याची भीती, जास्त बोललं तर कंत्राट न वाढण्याची भीती. रडायलासुद्धा कायम नोकरी लागते, मित्रांनो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. समुपदेशन मागणं म्हणजे हे काम आपणच करत राहू, असं कबूल करणं नव्हे का? इथे फरक करायला हवा. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाला समुपदेशक नकोय. त्याला तिथे उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे मागणी यंत्राची, पुनर्वसनाची आणि कंत्राटदाराला तुरुंगात धाडण्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूसाठी १० लाख आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख रुपये भरपाई ठरवली. ती मिळवण्यासाठी कार्यकर्ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात, तो लढा चालूच राहील. भरपाई मेलेल्याची मिळते. तीन सहकाऱ्यांना दोराने वर ओढून स्वतः जिवंत राहिलेल्या चौथ्याचं काय, हा प्रश्न त्या आकड्यात बसत नाही. शवागार, रुग्णवाहिका, अग्निशमन, आपत्तीतला शोध ही कामं मात्र कुठल्याही समाजाला लागणारच. ती कुणीतरी करायची आहेत, तर प्रशिक्षण घेऊन, सगळ्या जातींतल्या माणसांनी, पाळीपाळीने, सन्मानाने. तोपर्यंत जो आज ती करतो आहे, त्याला झोप येते का, हे विचारणं म्हणजे त्याला त्या कामाला बांधून ठेवणं नव्हे.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने सरकारी खर्चाच्या मानसिक उपचारांचा अधिकार प्रत्येकाला दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा आहे. पण नुसता नंबर भिंतीवर चिकटवून काही होत नाही. आपल्या वस्तीतले जे तरुण-तरुणी समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकून बाहेर पडताहेत, त्यांनी या माणसांच्या शेजारी जाऊन बसायला हवं. ‘तुम्हाला काही त्रास होतो का?’ असं विचारून उत्तर मिळणार नाही. ‘काका, त्या दिवशीचं सांगा ना’ म्हणून पाहा.

आणि एक काम लगेच करता येईल. तालुक्याचं रुग्णालय, नगरपालिका, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, तिन्हीकडे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शवागारात आणि मृतदेह उचलण्याच्या कामावर किती माणसं आहेत, त्यांतली कायम किती आणि कंत्राटी किती, गेल्या पाच वर्षांत त्यांच्यापैकी किती जणांची मानसिक आरोग्य तपासणी झाली, मोठ्या दुर्घटनेनंतर किती जणांना भरपगारी विश्रांती दिली, एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. शेवटच्या दोन प्रश्नांपुढे बहुधा ‘निरंक’ लिहून येईल. तो सही-शिक्क्याचा ‘निरंक’ फाडू नका. पुढच्या निवेदनाला तोच जोडायचा आहे.

जय भीम!