जोडी लावली म्हणजे जोखीम संपली, असं नाही

पेअर ट्रेडिंग शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. "सर, एक शेअर घेतला, दुसरा विकला. मग तोटा होईलच कसा?" माझं मत स्पष्ट आहे. हा प्रश्न ज्याला पडतो, त्याने अजून पैसे लावू नयेत.

आधी पद्धत बघा. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या, समजा दोन खासगी बँका, यांचे भाव बऱ्याचदा बरोबरीने चालतात. मध्येच तफावत वाढली की स्वस्त वाटणारा घ्यायचा, महाग वाटणारा विकायचा. तफावत मिटली की दोन्ही सौदे बंद. बाजार पडला तरी एका बाजूचं नुकसान दुसरी बाजू बरंचसं भरून काढते. पण जोखीम जात नाही, फक्त जागा बदलते. आता तुमचा पैसा तफावतीवर लागलेला असतो. आणि ती अमुक दिवसांत मिटेल असं कुणीही लिहून दिलेलं नसतं.

रॉयल डच आणि शेल या दोन कंपन्यांमध्ये नफा ६०:४० वाटण्याचा करार होता. म्हणजे दोन्हींचं एकूण बाजारमूल्यही त्याच प्रमाणात हवं. ही तफावत ८ ते १० टक्के असताना लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकन फंडाने मोठा सौदा केला. फंडात दोन नोबेलविजेते होते. १९९८ मध्ये तफावत मिटायच्या ऐवजी २० टक्क्यांच्या वर गेली. फंड इतर सौद्यांतही अडकला होता आणि उधारी प्रचंड होती, त्यामुळे तोट्यात बाहेर पडावं लागलं. दोन्ही कंपन्या २००५ मध्ये एक झाल्या. हिशोब बरोबर होता हो, पण थांबायला पैसा उरला नव्हता.

आता आपल्याकडे या. रोखीच्या बाजारात, शेअर हातात नसताना इंट्राडेमध्ये विकला तर त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. त्यामुळे काही दिवसांची जोडी फ्युचर्समध्ये लावावी लागते. तिथे रोजचा तोटा रोज रोखीने भरावा लागतो. "पुढच्या आठवड्यात देतो" हे व्यापाऱ्याला चालेल, एक्स्चेंजला नाही.

म्हणून हे चार नियम पाळा.

पहिला: लॉट नाही, रुपये जुळवा. समजा, घेतलेला लॉट ८ लाखांचा आणि विकलेला ५ लाख ६० हजारांचा. दोन्ही शेअर ५ टक्के पडले तर एकीकडे ४० हजार गेले, दुसरीकडे २८ हजार आले. तफावत हललीच नाही, तरी १२ हजारांचा फटका!

दुसरा: तोट्याचा आकडा सौद्याआधी ठरवा. तफावत वाढली म्हणून "आता तर अजून स्वस्त" म्हणत सौदा वाढवू नका.

तिसरा: मुदत ठरवा. एक्सपायरीला उघडा राहिलेला शेअर फ्युचर्सचा सौदा प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन मिटतो. त्याआधी बाहेर पडा.

चौथा: बँकांच्याच तीन जोड्या म्हणजे तीन वेगळ्या जोखमी नव्हेत. एकाच कारणाने तिन्ही बिघडू शकतात.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेली आकडेवारी सांगते की, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. हा आकडा सगळ्या प्रकारच्या सौद्यांचा आहे, पण तुमची जोडीसुद्धा त्याच मैदानात उतरते.

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. दुकानाचं खेळतं भांडवल मार्जिन म्हणून लावू नका. मालाचे पैसे द्यायची तारीख आणि तोटा भरायची तारीख एकाच दिवशी आली, तर आधी पैसे ब्रोकरच्या खात्यातून जातात. मग दिवाळीच्या तोंडावर दुकानाची फळी रिकामी! दुकानाचं आणि ट्रेडिंगचं खातं वेगळं ठेवा. वहीत किती लावणार, किती गेल्यावर थांबणार आणि कधी बाहेर पडणार, हे लिहा. तिन्ही रकाने भरता येत नसतील, तर ती जोडी तुमच्यासाठी नाही.