बी मातीत गेले, पुरावा कोठे आहे?



परवा एका गावी पारावर बसलो होतो. पेरणीच्या गप्पा चालल्या होत्या. एका म्हाताऱ्या बाबांनी मला कोड्यात टाकले. म्हणाले, "साहेब, चप्पल तुटली तर तुटकी चप्पल दुकानदारापुढे टाकता येते. डाळीत खडे निघाले तर डाळ दाखवता येते. बियाणे वाईट आहे हे कळते कधी? पेरल्यावर. मग दाखवायचे काय? बी तर मातीत गेले!"

पारावर हशा पिकला. पण बाबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नेमक्या याच प्रश्नावर आपल्या देशात मोठा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याची हकिगत सांगणारच आहे. पण आधी माझ्या कार्यक्षेत्रातली एक गोष्ट ऐका. तिच्यात माझीही चूक आहे, म्हणून ती सांगणे माझे कर्तव्यच आहे.

२०२० सालचा खरीप आठवा. त्या वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारी झाल्या. आमच्या भागातही झाल्या. दोन सख्खे भाऊ, वाटण्या झालेल्या, बांधाला बांध. थोरल्याला आपण तात्या म्हणू, धाकट्याला अण्णा. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच लॉटच्या सोयाबीनच्या पिशव्या आणल्या. पाऊस चांगला झाला, दोघांनी पेरले. आठ दिवस झाले, दहा दिवस झाले, तरी रान काळेच. शंभर दाण्यांतले वीस-पंचवीसही वर आले नव्हते. माती उकरली तर आत कुजलेले दाणे.

तात्यांचा मला फोन आला. "साहेब, बी दगा देऊन गेलं. आता काय करू?" मी त्यांना सांगितले, "तात्या, वाफसा आहे तोवर मोडा आणि दुबार पेरा. हंगाम हातचा जाऊ देऊ नका." शेतीच्या दृष्टीने सल्ला चुकीचा नव्हता. तात्यांनी त्याच दिवशी कुळव घातला.

धाकट्या अण्णांच्या घरी सूनबाई आहेत, दहावीपर्यंत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "मामंजी, मोडायच्या आधी पंचायत समितीत अर्ज देऊ. कुणी बघितल्याशिवाय रान मोडलं तर उद्या खरं कोण मानेल?" अर्ज दिला. चार दिवसांनी तालुक्याची समिती रानात आली, जागोजागी रोपे मोजली, पंचनामा झाला. सूनबाईंनी पक्के बिल, रिकामी पिशवी आणि तिचे टॅग रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. पुढे त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागितली. दोन वर्षांहून अधिक काळ हेलपाटे पडले, पण बियाण्याची किंमत, पेरणीचा खर्च आणि नुकसानीपोटी काही रक्कम पदरात पडली.

आणि तात्या? त्यांनी बियाणे उधारीवर आणले होते. दुकानदाराने बिल दिले नव्हते, एका चिठोऱ्यावर नुसते "सोया २" लिहून दिले होते. पिशव्या गोठ्याच्या गळक्या छपरावर गेल्या होत्या. रान तर माझ्याच सल्ल्याने मोडले होते. एकच बी, एकच नुकसान. पण एका भावाला न्याय मिळाला आणि दुसऱ्याला नुसते कर्ज उरले. तात्या मला एकाही शब्दाने बोलले नाहीत. ते मला अजून टोचते. "आधी अर्ज द्या, मग मोडा" हे तीन-चार शब्द जास्त बोलायला मला काय झाले होते?

आता बाबांच्या कोड्याकडे वळू.

आंध्र प्रदेशातल्या काही शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बीज निगमाचे बियाणे घेतले होते. हे निगम म्हणजे केंद्र सरकारचीच कंपनी. पीक बुडाले. शेतकरी जिल्ह्याच्या ग्राहक मंचात गेले आणि जिंकले. निगमाने वरवर अपिले केली. वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि १६ जानेवारी २०१२ रोजी त्याचा निकाल लागला.

निगमाचे म्हणणे काय होते? पहिले, बियाण्यांसाठी १९६६ चा स्वतंत्र बियाणे कायदा आहे, तेव्हा ग्राहक न्यायालयाने यात पडू नये. दुसरे, शेतकरी पीक विकून पैसे मिळवतो, म्हणजे तो धंदा करतो. त्याला ग्राहक म्हणता येणार नाही. आणि तिसरे म्हणजे बाबांचेच कोडे: मालात दोष आहे असे म्हणता, तर कायद्याप्रमाणे त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासायला हवा. नमुना कोठे आहे?

न्यायालयाने तिन्ही मुद्दे फेटाळले. बियाणे कायद्यात दोषी विक्रेत्याला शिक्षा आहे, पण ज्याचे पीक गेले त्याला भरपाई देण्याची सोय त्यात नाही. म्हणून ग्राहक कायद्याचे दार शेतकऱ्याला उघडे आहे. आपल्या आणि आपल्या कुटुंबाच्या पोटासाठी राबणारा शेतकरी हा ग्राहकच आहे. आणि नमुन्याबद्दल न्यायालय जे म्हणाले ते तर प्रत्येक घरात सांगावे असे आहे. शेतकरी विश्वासाने बी विकत घेतो आणि सगळे पेरतो. हे बी वाईट निघेल, उद्या आपल्याला ते सिद्ध करावे लागेल, असे आधीच धरून त्याने थोडे बी बाजूला काढून ठेवावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. उलट नमुना आणि नोंद ठेवायला विकणाराच बांधलेला आहे. १९६८ च्या बियाणे नियमांप्रमाणे अधिसूचित वाणांच्या प्रत्येक लॉटची पुरी नोंद विक्रेत्याने ३ वर्षे ठेवायची असते, आणि लॉट संपल्यानंतर एक वर्षपर्यंत नमुना टाकून द्यायचा नसतो.

म्हणजे बी मातीत गेले म्हणून न्यायही मातीत गेला असे नाही. रानच साक्ष देते. मात्र त्या साक्षीची नोंद कोणीतरी वेळेवर करायला हवी.

आता नाण्याची दुसरी बाजू. २००५ साली हरियाणातल्या एका बियाण्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याच्या विरुद्ध निकाल दिला. पाहणीचा अहवाल होता, पण बियाणे सदोष होते असे त्यात स्पष्ट म्हटलेले नव्हते. पीक कमी-जास्त येण्याला पाण्याची प्रत, जमिनीतले क्षार, पेरणीची पद्धत, पेरताना असलेली ओल अशी इतरही कारणे असू शकतात, हे न्यायालयाने ध्यानात घेतले. मंडळी, हे आपणही प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाला नसताना घाईने पेरले, सोयाबीन दोन-तीन इंच खोल गाडले, पोत्यांची आदळआपट केली, तर चांगले बीही उगवत नाही. तेव्हा दुकानदाराकडे बोट दाखवण्याआधी आपली बाजू स्वच्छ हवी.

त्यासाठी काय करावे ते क्रमाने सांगतो. घरातल्या बायाबापड्यांनाही वाचून दाखवा, कारण कागद जपण्याचे काम त्याच नीट करतात.

१) पक्के बिल घ्या. त्यावर पीक, वाण, लॉट क्रमांक, किंमत, तारीख आणि दुकानदाराची सही हवी. उधारीवर घेतले तरी बिलाचा हक्क आहेच. पैसे नंतर देण्याच्या बोलीवर माल घेणाराही कायद्याने ग्राहकच असतो. तात्यांचा हक्क उधारीने गेला नाही, चिठोऱ्यामुळे गेला.

२) पिशवीवरचे वाचा. बियाणे कायद्याप्रमाणे वाणाचे नाव, उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि मुदत लिहिलेली असते. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी, गव्हाची ८५ टक्के. मुदत टळलेली पिशवी फुकट दिली तरी घेऊ नका.

३) पेरणीआधी घरी उगवण पाहा. १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा. सात-आठ दिवसांत किती चांगले कोंब आले ते मोजा. सोयाबीनचे ७० पेक्षा फारच कमी आले तर पेरू नका. बिल घेऊन दुकान गाठा आणि कृषी कार्यालयाला कळवा. पिशवी परत करणे दुबार पेरणीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

४) पिशवी खालच्या बाजूने उसवा, म्हणजे वरचे टॅग आणि शिलाई शाबूत राहील. मूठभर बी त्याच पिशवीत ठेवून ती सुरक्षित जागी टांगा. न्यायालयाने सक्ती केलेली नाही हे खरे, पण हातात असलेला पुरावा कधीही बरा. औषध लावलेले बी मुलांच्या व कोंबड्यांच्या वाटेत ठेवू नका.

५) उगवण झाली नाही तर त्याच दिवशी तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती रान पाहते. पाहणीची सूचना कंपनीला आणि दुकानदाराला देण्याचा आग्रह धरा, नाहीतर उद्या "आम्हाला कळवलेच नाही" अशी पळवाट मिळते. उगवण कशामुळे झाली नाही हे अहवालात स्पष्ट लिहिले आहे की नाही ते पाहा आणि अहवालाची प्रत मागून घ्या.

६) पाहणी होईपर्यंत थांबलेले उत्तम. पण वाफसा निघून चालला असेल तर रानाचे फोटो काढा, शेजारच्या चार जाणत्या माणसांना दाखवून त्यांच्या सह्या घ्या, आणि मधला एक पट्टा न मोडता राखून बाकीचे पेरा. हे मी तात्यांना सांगायला हवे होते.

कोर्टाची पायरी म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. पण ग्राहक आयोगाचे काम त्यामानाने सोपे आहे. १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. पूर्वीच्या जिल्हा मंचाला आता जिल्हा आयोग म्हणतात. मालासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तेथेच करायची. ५ लाखांपर्यंत फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. कंपनी परगावची असली तरी आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत मात्र २ वर्षांची. एकाच लॉटने गावातल्या दहा जणांना बुडवले असेल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकत्र तक्रारही करता येते. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वेळ लागतो, हेलपाटे पडतात, हे लपवत नाही. पण अण्णांच्या सूनबाई म्हणतात तसे, "बांधाच्या भांडणात आपण वीस वर्षे घालवतो, मग हक्काच्या पैशासाठी दोन वर्षे का नाही?"

बैल गेला अन् झोपा केला, अशी आपली रीत. ती यंदा मोडू या.

जाता जाता तात्यांचे सांगतो. यंदा बियाणे आणायला गेलो तेव्हा दुकानात तेच उभे होते. दुकानदार म्हणाला, "तात्या, बिल नंतर पाठवतो." तात्या खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मला घाई नाही. बिल झाल्यावरच पिशवी उचलीन. आणि लॉट नंबर नीट लिहा." मग माझ्याकडे पाहून हसले. इतक्या वर्षांनी माझ्या मनावरचे ओझे थोडे हलके झाले.

खते आणि औषधांच्या बिलांबद्दलही पुष्कळ वाचकांनी विचारले आहे. त्याविषयी पुढल्या खेपेस. तोवर पेटी उघडा आणि यंदाची बिले जागेवर आहेत का, तेवढे पाहून ठेवा.