कारण सांगा की राव!

विमानात काय न्यायचं नि काय नाही, ही यादी आपल्याकडे पाढ्यांसारखी पाठ करायची असते. चाकू-कात्री चेक-इनमध्ये. पॉवर बँक केबिनमध्येच. सुकं खोबरं चेक-इनमध्ये अजिबात नाही. का? "सर, रूल आहे." संपला विषय!

आम्ही प्रोग्रॅममध्ये कारण न देता नुसता 'एरर' दाखवला तर क्लायंट बोंब मारतो. इथे रोज हजारो लोकांच्या तोंडावर तोच एरर फेकतात, आणि वर लोक शहाण्यासारखे वागतील अशी अपेक्षा!

खरं तर या यादीतल्या बहुतेक गोष्टींमागे दोनच भीती आहेत. पहिली माणसाची. चाकू आपणहून काही करत नाही, कोणाच्या तरी हातात गेला की करतो. म्हणून तो खाली. १०० मिलीलिटरचा नियमही याच भीतीतून आला. ऑगस्ट २००६ मध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात न्यायचा कट लंडनमध्ये उघडकीस आला, तिथून हे सुरू झालं. त्यात तुमच्या लोणच्याशी कोणाचं वैर नाही.

दुसरी भीती वस्तूचीच. लिथियमचा सेल बिघडला तर कोणी हात न लावताही पेटतो. केबिनमध्ये धूर दिसला तर क्रू पाणी ओतून तो थंड करू शकतो. खाली सामानात पेटला तर? तिथला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण एका सेलची उष्णता दुसऱ्याला पेटवत जाते ती साखळी त्याने तुटत नाही. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईत एक ७४७ मालवाहू विमान आग लागून कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. त्यात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या, नि आग त्याच मालात लागली असं तपासात निघालं.

आणि खोबरं? त्यातल्या तेलामुळे ते आतल्या आत तापू शकतं. म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांत आहे. बघा, दोन वाक्यांत पटलं ना?

"लोकांना एवढं कुठे कळतंय?" हा नेहमीचा युक्तिवाद. अहो, कळू द्याल तर कळेल! मर्यादा १०० वॉट-अवरची, पॉवर बँकेवर ठळक आकडा मात्र एमएएचचा. हिशोब कोणी सांगत नाही. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले ३.७ व्होल्ट, झाले ७४. चालेल. ३०,००० चे होतात १११, म्हणजे एअरलाइनची परवानगी हवी. सातवीच्या पोराला जमेल असं गणित आहे.

नियम रद्द करा असं मी म्हणत नाहीये. उलट ते पाळले जावेत म्हणूनच ही कटकट. नियम नुसता हुकूम वाटला की आपला माणूस पळवाट शोधतो. काउंटरवर एका दमात यादी म्हटली जाते, "यातलं काही आहे का?", आणि समोरचा मोबाइलमधून मान वर न करता "नाही" म्हणतो. पॉवर बँक खाली, आपण वर!

त्या यादीच्या जागी एकच वाक्य म्हणा: "ही खाली पेटली तर वरून कोणालाच विझवता येत नाही." मग बघा, कितीजण बॅग परत उघडतात ते.