अनंतात भर

माझ्या वयाच्या मराठी ख्रिस्ती पोरापोरींना 'वर्शिप' म्हणजे काय, ते विचारा. बहुतेकांचं उत्तर येईल : संदेशाआधीची अर्ध्या तासाची गाणी. शास्त्रवाचन, पापांची कबुली, दान, प्रभुभोजन हे सगळं त्याच उपासनेत घडतं, पण शब्द मात्र कीबोर्ड आणि ड्रम्सच्या नावावर चढलाय. सातबारा बदलला आणि कुणी हरकत घेतली नाही. मी घेतोय.

या गाण्यांच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. देव राजांचा राजा आहे, तेव्हा त्याला सर्वोत्तम तेच द्यायला हवं. वाक्य बिनचूक आहे. पण 'सर्वोत्तम' काय ते ठरवायला बसलं की यादी निघते ती मोठ्या स्पीकरची, नव्या मिक्सरची, एलईडी पडद्याची. हॉलमध्ये माणसं साठ, आवाज मैदानाचा. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. लोड वाढला की सर्व्हर वाढवायचे, हे मला कळतं. देवाच्या महिम्यावर मात्र लोड येत नाही.

हे चाळीसगावकराला तरी कुणी सांगायला लागू नये. गावापासून जवळच, सातमाळ्याच्या डोंगरात पाटणादेवीचं पाटण आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. तसा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेखच आहे. हे भास्कराचार्य 1114 सालचे. शून्याने भागलेल्या राशीला 'बीजगणित' या ग्रंथात त्यांनी 'खहर' म्हटलं आणि सांगितलं, की तिच्यात काही मिळवा, तिच्यातून काही काढा, ती बदलत नाही. जसे प्रलयात सगळे जीव आत सामावले किंवा सृष्टीच्या वेळी बाहेर पडले, तरी अनंत अच्युत बदलत नाही. उपमा विष्णूची आहे, आणि मंडळीतल्या काही भावांना ती खटकेल. खटकू दे. देवाच्या थोरवीबद्दल इतकं काटेकोर विधान आमच्या व्यासपीठावरून मी अजून ऐकलेलं नाही.

मग आपल्या स्तुतीने देवात भर किती पडते? काहीच नाही. पस्तीस मिनिटं गायलो तरी नाही, घसा बसेपर्यंत गायलो तरी नाही. जे बदलायचं ते गाणाऱ्यात. यशयाच्या सहाव्या अध्यायात सराफांच्या आवाजाने मंदिराचे उंबरठे हादरतात. बेस वाढवणाऱ्यांचा हा आवडता संदर्भ. पण यशयाच्या तोंडून त्यानंतर पहिलं निघतं ते आपले ओठ अशुद्ध असल्याचं. आवाज कसा घुमला याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. आणि आमोसाच्या पाचव्या अध्यायात तर देव गाण्यांचा गोंगाट थांबवायला सांगतो आणि न्याय मागतो. वर्शिप टीमच्या सरावात हा अध्याय वाचला जातो का, मला शंका आहे.

वाद्यांशी माझं भांडण नाही. स्तोत्रसंहितेचा शेवटच झांजांच्या दणक्यात होतो. अहमदनगरला कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, ना. वा. टिळकांनी ते गाजवलं. त्या परंपरेत वाद्यं होती, ताल होता, पण वाद्य शब्दाच्या मागे चालायचं. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. शब्द बघा : दरबार. राजवैभवाचाच शब्द. पण त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून शेजारी बसावेत, अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे राजाचा मोठेपणा मोजायचा तो दारातून कुणाकुणाला आत घेतलं त्यावर. एकशे तेराव्या स्तोत्राचं म्हणणंही यापेक्षा वेगळं नाही : सगळ्या राष्ट्रांहून उंच असलेला देव खाली वाकतो आणि धुळीतल्या दरिद्र्याला उचलतो.

इथे मला हिशेब विचारायचाय. एका मंडळीत, नाव घेत नाही, साउंड सिस्टीमची वर्गणी दोन रविवारांत जमली. त्याच महिन्यात एका विधवेच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मदतीचा विषय 'पुढच्या बैठकीत घेऊ' म्हणून तीनदा पुढे गेला. कुणी दुष्ट नव्हतं. स्पीकर देवासाठी होता आणि ऑपरेशन बाईसाठी, असं सगळ्यांनी प्रामाणिकपणे धरलं होतं. महिम्याची ही समजूतच मला मुळात चुकीची वाटते, आणि ती गाण्यातून मुरते.

आणखी एक नुकसान कुणाच्या नोंदीत येत नाही. आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया प्रार्थनेला उभ्या राहिल्या की दोन वाक्यं पुस्तकी मराठीत बोलतात आणि तिसऱ्याला अहिराणीवर येतात. तेव्हा सभागृह खरंच शांत होतं. आता प्रार्थनेच्या मागेही कीबोर्डचा सूर सोडलेला असतो आणि माइक टीमकडे. पडद्यावरच्या हिंदी-इंग्रजी ओळी त्यांना वाचता येत नाहीत. त्या नुसत्या टाळ्या वाजवतात.

वार्षिक सभेत मी एकच मागणी ठेवणार आहे. महिन्यातून एका रविवारी मिक्सर बंद. 'उपासना संगीत'ची पुस्तकं कपाटातून बाहेर काढायची, ढोलकी-टाळ ठेवायचे, आणि साठ गळ्यांना एकमेकांचा आवाज ऐकू द्यायचा. अशाने तरुण मुलं येणार नाहीत, असं काहींचं म्हणणं आहे. त्यांनी त्या रविवारी डोकी मोजावीत, आणि जी आली नाहीत ती आजवर कशासाठी येत होती, हेही सभेला सांगावं.