लिनक्स टाकले, पण मराठी फाइल उघडेल का?

'विंडोज १०'चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. अनेक जुन्या संगणकांना 'विंडोज ११' अधिकृतपणे चालत नाही. मग कळंब, उमरगा किंवा तुळजापुरातल्या झेरॉक्स-ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातला धडधाकट संगणक भंगारात द्यायचा का? गरज नाही. 'लिनक्स मिंट' मोफत मिळते. गडबड होते ती त्यानंतर. यूट्यूबवरची यादी बघून डझनभर सॉफ्टवेअर भरली जातात आणि पहिल्याच गिऱ्हाइकाची फाइल नीट उघडत नाही.

म्हणून यादी बाजूला ठेवा. दुकानात रोज काय येते, ते बघा.

सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती ही कामे ब्राउझरमध्ये होतात. त्यासाठी फायरफॉक्स किंवा क्रोम पुरे. डिजिटल सहीचा डोंगल, बोटाचा ठसा घेणारे यंत्र आणि प्रिंटर मात्र आधी जोडून पाहा. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस घ्यावे. त्यात वर्डची फाइल उघडते, पण तक्ते कधी कधी सरकतात. पुढे पाठवायची प्रत पीडीएफच करा. व्हिडिओसाठी व्हीएलसी आहेच.

खरी परीक्षा मराठीची. युनिकोडमधला मजकूर कुठेही वाचता येतो. जुन्या श्रीलिपी, कृतिदेवमधल्या अर्जाचा मात्र तो फॉन्ट नसेल तर चिन्हांचा नुसता काला दिसतो. हा दोष लिनक्सचा नाही. नव्या विंडोजवरही फॉन्टाविना तेच होईल. असे नमुने आताच युनिकोडमध्ये बदलून ठेवावेत. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये मिळतो.

लग्नपत्रिका आणि बॅनरवर पोट असणाऱ्यांनी मात्र घाई करू नये. कोरलड्रॉ, पेजमेकर लिनक्सवर थेट चालत नाहीत, टॅलीचेही तसेच. इंकस्केप आणि गिंप चांगले आहेत, पण कोरलची वर्षानुवर्षांची डिझाइन त्यांत जशीच्या तशी येतील, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. अशा दुकानात एक विंडोज संगणक राहू द्यावा, इंटरनेट तोडून.

आणखी एक. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, गिंप विंडोजवरही चालतात. महिनाभर तिथेच वापरा. मग पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करा; इन्स्टॉल न करताही ते चालते. दुकानातल्याच दहा फाइल उघडा, एक पान छापा. यात अडले नाही, तरच बॅकअप घेऊन विंडोज काढा.