प्रश्न थोडे, पण मोलाचे

गुराख्याच्या पोराने गंमत म्हणून 'लांडगा आला रे आला' अशी हाकाटी केली, ही गोष्ट आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. तिच्यातील बोध केवळ खोटे बोलणाऱ्यांपुरता नाही. कारण नसता वारंवार सावध करणाऱ्या प्रत्येकाला तो लागू पडतो, संगणकालाही.

गेल्या वर्षी या वार्षिकाचे लेख मी संगणकावर जुळवीत होतो. लेखनाच्या संपादकाला आवृत्त्या सांभाळणारी व्यवस्था जोडलेली होती. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी निर्माण केलेली 'गिट' ही अशीच एक व्यवस्था. आपण नोंद केलेली प्रत्येक आवृत्ती तीत जपून राहते व हवी तेव्हा परत मिळते. नोंद न केलेले मात्र तिला ठाऊक नसते.

त्या सायंकाळी पडद्यावर एकामागून एक प्रश्न येत होते. फाइल जतन करू का? दुव्यामागील मूळ फाइल उघडू का? नोंद खरोखरच करू का? मी न वाचताच 'होय' म्हणत गेलो. मध्येच विचारणा झाली, 'नोंद न केलेले बदल टाकून देऊ का?' सवयीने तिलाही 'होय' म्हटले, आणि एका विद्यार्थिनीने दुपारभर बसून केलेल्या दुरुस्त्या नाहीशा झाल्या. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावयास बसली. दोष माझाच, परंतु न वाचण्याची सवय मला त्या निरर्थक प्रश्नांनी लावली होती.

कोणी म्हणेल, चार प्रश्न अधिक विचारले तर बिघडले कोठे? बिघडते ते हेच, की पाचवा प्रश्न कोणी वाचत नाही. उटनूरच्या आपल्या मुलांच्या घरी कोठे गोंडी, कोठे मराठी, कोठे तेलुगू बोलली जाते; माझ्या घरी कोंकणी. पडद्यावरील प्रश्न मात्र बहुधा इंग्रजीत! त्यांचे ओझे दुप्पट होते.

यावर उपाय साधा आहे. जे परत फिरविता येते, तेथे विचारू नये. काय केले ते सांगून परतीची वाट दाखवावी. जे परत फिरविता येत नाही, तेथे अवश्य थांबवावे व काय नष्ट होणार तेही दाखवावे. १९८५ पासून प्रचारात असलेल्या 'जीएनयू ईमॅक्स' या संपादकात दुव्याविषयीचा प्रश्न एका ओळीने बंद करता येतो. मग तो मूळ फाइल उघडतो आणि तसे सांगतो. पण ही सोय जाणत्यालाच ठाऊक. नवशिक्याला ती आरंभापासूनच मिळावयास हवी.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशी साधने घडवील. त्या वेळी गुराख्याच्या पोराची आठवण ठेवा. तो एकदाच, वेळेवर ओरडला असता, तर सारे गाव धावून आले असते.