गोठलेल्या मातीचा कर्ब आणि प्रवरेचे पाणी

2022 च्या शरद ऋतूत पश्चिम ग्रीनलंडमध्ये विक्रमी उष्मा आणि विक्रमी पाऊस एकदमच आला. बर्फ पडायच्या दिवसांत पाऊस कोसळला, वर्षानुवर्षे गोठलेली जमीन वितळली आणि तिच्यातील सेंद्रिय कर्ब व लोह वाहत तळ्यांत उतरले. हजारो निळीशार तळी वर्षभराच्या आत तपकिरी झाली. उत्तरेकडच्या अशा गोठलेल्या जमिनीत, आज हवेत जेवढा कर्ब आहे त्याच्या जवळपास दुप्पट कर्ब साठलेला आहे. तो पाण्यात उतरला की सूर्यप्रकाश अडतो, सूक्ष्म जीव तो खातात, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन हवेत जातात. हवा आणखी तापते, जमीन आणखी वितळते. जगाला तापवणारा धूर तिथल्या इनुइट मूळनिवासींनी सोडलेला नाही. पण तळी मात्र त्यांची गढूळ झाली.

श्रीरामपूरच्या वाचकाने याची दखल का घ्यावी? कारण प्रवरेच्या खोऱ्यात बर्फ नसला तरी कर्बाने काळवंडलेले पाणी आहे. साखर कारखान्याच्या मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश उरतो. तो गडद तपकिरी असतो, सेंद्रिय कर्बाने भरलेला. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची जैविक प्राणवायूची मागणी लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत असावी असा नियम आहे. कच्च्या स्पेंटवॉशची ती 40 हजारांच्या घरात जाते. असे पाणी ओढ्यात गेले तर मासे मरतात, जमिनीत मुरले तर विहीर नासते. साखर उद्योगाच्या सांडपाण्याने भूजल बिघडल्याच्या नोंदी याच जिल्ह्यातील अभ्यासात झालेल्या आहेत. डिस्टिलरीने सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडू नये, असे सरकारी धोरण सांगते. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाने डिस्टिलऱ्या वाढत असताना ते धोरण कागदावरच राहिले तर भोगणार कोण?

ज्याच्याकडे बागायत आहे तो नवी बोअर घेतो, जारचे पाणी विकत आणतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीला, ऊसतोडीच्या कोप्यांना तो पर्याय नाही. प्रवरेचे पाणी पुढे प्रवरासंगमला गोदावरीत मिळून नाथसागरात जाते आणि मराठवाड्यातील शहरे ते पितात. म्हणजे हा प्रश्न एका गावाचा नाही.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सवाल होता पाण्याला हात कोणी लावायचा. 16 डिसेंबर 1939 रोजी याच तालुक्यातील हरेगावच्या परिषदेत त्यांनी वतनदारांच्या जमिनीचा सवाल मांडला. आज त्यांना जोडून तिसरा सवाल उभा आहे: हातात आलेल्या पाण्यात काय मिसळले आहे? प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सांगितले आहे. मग तो हक्क वस्तीच्या हापशापर्यंत का पोहोचत नाही?

कारखाने बंद पाडा असे आमचे म्हणणे नाही. तिथे आमचीही माणसे राबतात. आमचे म्हणणे एवढेच की नफ्याचा वाटा वरच्यांना आणि मळीचा वाटा खालच्यांना, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. डिस्टिलरी परिसरातील प्रत्येक वस्तीच्या विहिरीचे व हापशाचे पाणी पावसाळ्याआधी व नंतर तपासावे, निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा आणि पाणी खराब निघाले तर वस्तीला आधी नळ द्यावा. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीचे अहवाल 2005 च्या माहिती अधिकाराखाली मागावेत. जयंतीच्या मिरवणुकीला जमणाऱ्या तरुणांनी पाण्याच्या नमुन्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेतही जायला हवे. चळवळीचे ते कामच आहे.